संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवायचेत पण समोरच्या झाडावर घारीचं घरटं आहे, काय करावं?

गच्चीवाला_ठाणे

नमस्कार मंडळी. मी मूळचा नाशिकचा, आता ठाण्यात राहतो. लहानपणी संक्रांत म्हणजे सकाळी उठल्यापासून गच्ची, आणि कुणाची पतंग कापली की "गई बोला रे धिना" करून अख्खा वाडा दणाणून सोडायचो. यावर्षी बहिणीची मुलं येणारेत आणि माझ्या मुलांनाही पहिल्यांदाच नीट पतंग शिकवायचाय, म्हणून आत्तापासून तयारी चाललीये. अडचण अशी की आमच्या बिल्डिंगसमोर रस्त्यापलीकडे एक मोठा रेन ट्री आहे, त्याच्या शेंड्याला घारीचं घरटं आहे आणि सध्या जोडी दिवसभर काड्या, चिंध्या काय काय घेऊन येताना दिसते, आमच्या गच्चीवरून अगदी समोर दिसतं सगळं. मुलांना तर आता त्या घारींचा लळाच लागलाय, शाळेतून आली की आधी खिडकीत जातात. गेल्या संक्रांतीनंतर याच झाडावर एक बगळा मांजाला लटकून मेलेला सगळ्यांनी बघितला होता, तो फायर ब्रिगेडवाल्यांनी काढेपर्यंत मुलं खिडकीतून हलली नव्हती, त्यामुळे हा प्रश्न मी फार मनापासून विचारतोय. नायलॉन आणणार नाहीच, ते पक्कं. पण साधा सुती मांजा चालेल का? की तोही नको? कुठल्या वेळेला उडवावेत? आणि समजा एखादा पक्षी अडकलाच तर कुणाला बोलवायचं, आपण काय करायचं आणि काय करायचं नाही? पतंग पूर्ण बंद करा असं सांगणार असाल तर तेही सांगा, पण कारण द्या.

आसारी_येवला

दादा, पतंग बंद कशाला करायचे, पण दोऱ्याचं नीट समजून घ्या. आमच्याकडे येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गाव गच्चीवर असतं, हलकडी हे वाद्य वाजत असतं, दोरा गुंडाळायला फिरकीच्या जागी बांबूची आसारी असते, त्यामुळे हा विषय आमच्या घरातलाच आहे. पूर्वी मांजा घरी सुतायचे. दोन खांबांमध्ये सुती दोरा ताणायचा, खळ किंवा सरस, त्यात रंग आणि वस्त्रगाळ केलेली काचेची पूड, आणि फडक्यात लुगदी घेऊन दोऱ्यावरून फिरवत जायचं. बरेलीचा मांजा देशभर जातो तोही सुतीच, नऊ तार, बारा तार असा, म्हणजे तेवढे पदर पिळलेला. आता नायलॉनचं काय होतं बघा. त्याला लोक चायनीज म्हणतात पण बहुतेक माल आपल्याच देशात बनतो. तो एकच अखंड प्लास्टिकचा धागा असतो, ताणला तर लांबतो पण तुटत नाही, पावसात भिजून कुजत नाही, उन्हात वर्ष काढतो. सुती दोरा कसा, पक्षी जोरात धडकला तर निदान तुटायची शक्यता तरी असते आणि झाडावर राहिला तर दोन-तीन पावसाळ्यांत सडून जातो. म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन आणि सगळ्याच सिंथेटिक मांजावर देशभर बंदी घातली, विकणं, साठवणं, वापरणं सगळंच बंद. आपल्याकडे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने पण स्वतःहून दखल घेतली होती. तरी चोरून विकतात, कारण पेचात नायलॉनवाला कापला जात नाही. मला विचाराल तर त्यात खेळच राहत नाही. ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची, समोरच्याची कन्नी, म्हणजे पतंगाला दोरा जोडायची दुहेरी बांधणी, कशी आहे हे बघून पेच घ्यायचा, ते सगळं नायलॉनने मातीत घातलंय.

तुम्हाला मुलांना शिकवायचंय ना, मग यंदा पेचच घेऊ नका. साधी पांढरी सद्दी घ्या, काच न लावलेली. कन्नी नीट बांधा, वरची गाठ काठी आणि कमान एकमेकींना छेदतात तिथे, खालची शेपटाच्या जरा वर, आणि वरचा दोर खालच्यापेक्षा किंचित आखूड ठेवा. पोरांना पतंग वर टिकवणं जमलं तरी त्या वर्षीचं काम झालं. पेच पुढच्या वर्षी.

पंख_आणि_पट्टी

मी ठाण्याच्याच भागात पक्षी बचावाचं काम करते, संस्थेचं नाव इथे देत नाही. येवलेकर दादांच्या सद्दीला माझं पूर्ण अनुमोदन, पण सुती मांजा "सुरक्षित" आहे हे डोक्यातून काढून टाका प्लीज. काच लावलेला सुती दोराही तेवढाच कापतो. दिल्ली सरकारने जानेवारी २०१७ च्या अधिसूचनेत म्हणूनच फक्त नायलॉन नाही तर काच किंवा धातू लावलेला कुठलाही दोरा बंद केला आणि फक्त साधा सुती दोरा चालेल असं स्पष्ट लिहिलं.

जखम कशी असते ते सांगते म्हणजे कळेल. घारीच्या खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला एक पातळ ताणलेली कातडी असते, तिच्या कडेतूनच एक स्नायूबंध जातो. दोरा नेमका तिथे बसतो कारण उडताना तीच कड पुढे असते. बाहेरून बघितलं तर पुष्कळदा काहीच दिसत नाही, रक्तही फारसं नसतं, लोक म्हणतात घाबरलीये फक्त, सोडून द्या. पिसांवर हळूच फुंकर मारली की खाली लाल रेषा दिसते, आणि ती कधीकधी थेट हाडापर्यंत गेलेली असते. कातडी शिवता येते पण तो बंध तुटला असेल तर घार परत नीट उडेलच असं नाही. आणि शिकारी पक्ष्याला थोडंसं उडता येऊन भागत नाही, त्याला वळता यायला हवं, सूर मारता यायला हवा.

आता काय करायचं. उंच झाडावर किंवा तारेवर अडकली असेल तर १०१ ला फोन करा, फायर ब्रिगेडचे लोक शिडी घेऊन येतात, विजेच्या तारेजवळ असेल तर तुम्ही बांबू वगैरे अजिबात घालू नका, आधी वीज कंपनीला कळवा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे, महाराष्ट्रात कुठूनही लागते. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट, तिथे पक्ष्यांवर उपचार होतात.

पक्षी हाताशी असेल तर दोरा ओढू नका, म्हणजे नकाच. जखमेपासून वीतभर अंतर ठेवून कात्रीने कापा आणि जखमेतला तुकडा तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. मागून जाऊन जाड टॉवेल किंवा चादर अंगावर टाका, डोकं झाकलं की ती बरीच शांत होते. चोचीला लोक घाबरतात पण खरं सांभाळायचं ते नख्यांपासून, म्हणून पाय टॉवेलसकट धरा आणि पंख अंगाशी मिटलेले ठेवा. मग पुठ्ठ्याचा खोका, हवेला भोकं पाडलेला, तळाला जुना कपडा. तारेचा पिंजरा नको, त्यात आपटून मोठी पिसं तुटतात आणि नवीन यायला महिने लागतात. खोका अंधाऱ्या शांत खोलीत ठेवा. पाणी चोचीत ओतू नका, श्वासनलिकेत जातं. खायला काही देऊ नका. हळद लावू नका, डॉक्टरांना टाके घालायच्या आधी ती सगळी धूत बसावं लागतं. फोटो काढायला खोका सारखा उघडू नका. आणि घरी ठेवून बरी करू असा विचारही करू नका, घार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते.

मांडवी_वाला

बडोद्यातून लिहितोय, आमच्या चार पिढ्या इथेच गेल्या. इथे उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, काय असतं ते तुम्हाला माहितीच असेल, १४ ला आणि १५ ला आकाश दिसत नाही. गुजरात सरकार दरवर्षी १० ते २० जानेवारी करुणा अभियान चालवतं, जागोजागी तात्पुरती पक्षी उपचार केंद्रं असतात, शाळांमधून सांगतात की सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ५ च्या नंतर पतंग नको. वेळेबद्दलचा तुमचा प्रश्न होता म्हणून मुद्दाम लिहितोय, कारण या नियमामागे कारण आहे. पहाटे पक्षी रात्रीच्या झाडावरून चरायला निघतात आणि संध्याकाळी थव्याने परत येतात, बगळे, पोपट, कबुतरं, ढोकरी, सगळी एकाच वेळी, कमी उजेडात आणि ठरलेल्या वाटेने. तुमच्या झाडावरचा तो बगळा बहुतेक तसाच अडकला असणार. अंधार पडल्यावर तर वटवाघळं आणि घुबडं निघतात, म्हणून ते रात्रीचे कंदील वगैरे लावून उडवणं आम्ही घरात पूर्ण बंद केलंय. दुपारी बारा ते चार त्यातल्या त्यात बरा वेळ.

दुर्बीण_पुणे

मांडवीवाल्यांचं बाकी पक्ष्यांसाठी बरोबर आहे पण घारीसाठी दुपार सुरक्षित नाही, हे सांगायलाच पाहिजे. घार दुपारी जमीन तापली की वर चढणाऱ्या गरम हवेवर पंख न हलवता गोल गोल घिरट्या घेते, आणि पतंगही त्याच उंचीवर त्याच हवेत असतो. नजर तिची इतकी तीक्ष्ण तरी अडकते कशी असं लोक विचारतात, तर ती उडताना खाली बघत असते, जमिनीवर काय हललं ते, समोर केसाएवढा दोरा आडवा येईल हे तिच्या हजारो वर्षांच्या सवयीत कुठेच नाहीये.

मूळ प्रश्नकर्त्यांना, तुमचं घरटं काड्या आणण्याच्या अवस्थेत आहे म्हणता, म्हणजे संक्रांतीपर्यंत अंडी असायची बरीच शक्यता, साधारण दोन किंवा तीन घालते. मग महिनाभर उबवणं, त्यात मुख्यतः मादी बसून असते आणि नर खाणं आणतो. म्हणजे त्या दिवसांत नर दोऱ्यात सापडला तर एक पक्षी गेला एवढंच होत नाही, मादीला उपाशी बसावं लागतं किंवा अंडी सोडून उठावं लागतं. पिल्लं निघाली की पुढे दीड-दोन महिने घरट्यातच. म्हणून घरट्याच्या बाजूला पतंग जाऊच नये अशी सोय बघा. वारा कुठून आहे ते त्या दिवशी बघा, वारा झाडाकडे वाहत असेल तर तुमच्या गच्चीवरून उडवू नका, मैदानावर जा. जानेवारीत सकाळी आणि दुपारनंतर वाऱ्याची दिशा बदलते, तुमच्याकडे खाडीचा वाराही येतो, तेव्हा एकदा सकाळी बघून दिवसभराचा हिशोब करू नका.

अजून एक. घार घरट्यात काड्यांबरोबर तारा, चिंध्या, प्लास्टिक, दोरे सगळं वापरते. स्पेनमध्ये दोन्याना नावाच्या राष्ट्रीय उद्यानात आपल्याच जातीच्या घारींवर अभ्यास झाला, २०११ मध्ये सायन्स या विज्ञान नियतकालिकात छापून आला होता, त्यात दिसलं की घारी घरटं पांढऱ्या प्लास्टिकने सजवतात आणि जेवढी ताकदवान जोडी तेवढी सजावट जास्त, बाकीच्या घारींना तो इशाराच असतो. तुमच्या समोरची जोडी चिंध्या नेते ती पण उगीच नाही. पण याच सवयीमुळे तारांवर लोंबणारा मांजाही उचलून घरट्यात जातो आणि पिल्लांच्या पायाला गुंडाळतो.

गच्चीवाला_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वारा बघितला, आत्ता तरी दुपारी बरोबर झाडाकडेच जातोय. त्यामुळे गच्ची रद्द, जवळच्या मैदानावर जाऊ, सद्दी घेऊन, पेच नाही. मुलं थोडी हिरमुसली पण घरट्यातल्या अंड्यांचं सांगितल्यावर मोठ्या मुलीनेच बाकीच्यांना समजावलं. आता प्रश्न असा की बाकीच्या बिल्डिंगा तर उडवणारच, त्यांना कसं सांगायचं? आणि दिवस संपल्यावर झाडांवर जे राहतं त्याचं काय?

पंख_आणि_पट्टी

सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकू नका, कुणी वाचत नाही. मुलांना घेऊन दोन दिवस आधी खाली उभे राहा, लोकांना घरटं बोटाने दाखवा, दुर्बीण असेल तर त्यातून दाखवा. मादी बसलेली एकदा बघितली की माणूस स्वतःहून विचारतो दोरा कुठला घेऊ. वॉचमनना १९२६ आणि १०१ हे दोन नंबर गेटवर चिकटवायला सांगा. नायलॉन कुठे विकताना दिसला तर भांडू नका, पोलिसांना कळवा.

आमच्याकडे फोन १४ तारखेपेक्षा नंतरच्या आठवड्यांत जास्त चालू राहतात, कारण गुल झालेल्या, म्हणजे कापून वाहत गेलेल्या, पतंगाबरोबर शेकडो फूट दोरा झाडावर येऊन पडतो आणि तो कुणालाच दिसत नाही. म्हणून १६ तारखेला सकाळी मुलांनाच बरोबर घ्या, हातात जाड मोजे, आणि हाताला येईल तेवढा दोरा काठीवर गुंडाळत जा. ओढून काढू नका, फांदीत आणखी घट्ट बसतो, कापून काढा. गोळा झालेला दोरा तसाच कचऱ्यात टाकला तर कचराकुंडीवर घारी आणि कावळेच येतात, तेव्हा आधी कात्रीने बोटभर लांबीचे तुकडे करा, मग पिशवीत बांधून द्या. उंचावरचा राहिला तर महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवा, पण घरटं असलेल्या झाडावर एप्रिलपर्यंत कुणालाही चढू देऊ नका, मादी डोक्यावर झेप घेते आणि ती उठली की अंडी उघडी पडतात.