मदत हवी आहे: निवेदक आणि कथानक कसं शिकवावं?

खानापूर भागातल्या मराठी माध्यमाच्या नववीसाठी साहित्यप्रकारांच्या शब्दांचे तक्ते करतोय. अभंगाचं जमतं. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’: अक्षरं बोटांवर मोजली की ६-६-६-४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. ग्रंथातल्या ओवीत अक्षरसंख्या सैल, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड; हेही मुलं ओळखतात.

खरी अडचण गद्यात. उताऱ्यात ‘मी’ दिसला की मुलं निवेदकालाच, म्हणजे गोष्टीत ती सांगणाऱ्यालाच, लेखक समजतात. कथानक विचारलं तर घटना ओळीनं सांगतात, कशामुळे काय घडलं ते सुटतं. व्याख्या पाठ करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

या दोन शब्दांसाठी एका तासात होणारा सराव कुणाकडे आहे का? बेळगाव-निपाणीकडच्या शिक्षकांनी उतारा आणि प्रश्न दोन्ही कृपया टाकावेत. उतारा दहा ओळींच्या आत हवा, फळ्यावर लिहावा लागतो.