सिल्व्हरटनचा खाणींचा कच्चा रस्ता: साधी एसयूव्ही चालेल का?

रंकाळावाला:
सप्टेंबरात पुतण्याकडं डेन्व्हरला निघालोय. कोलोरॅडोत सिल्व्हरटनहून अ‍ॅनिमस फोर्क्स हे ओसाड खाणगाव बघून पुढं इंजिनिअर खिंडीतून ऊरेला उतरायचं डोक्यात आहे. पुतण्या म्हणतोय, काका, जीपच पायजे. अरे, पावसात बोलेरोनं करूळ घाट उतरलोय, राधानगरीकडं बॉक्साइटच्या डंपरमागनं लाल चिखल तुडवलाय. भाड्याची साधी एसयूव्ही चालणार नाही? हिला बीपी आहे, तेही बघून सांगा.

डोंगरगाडी:
काका, पुतण्याचं ऐका. अ‍ॅनिमस फोर्क्सपर्यंत सुमारे १२ मैल खडीचा रस्ता आहे. कोरडा असेल तर उंच एसयूव्ही दमानं जाते. त्यापुढं नाही. इंजिनिअर खिंड १२,८०० फुटांवर. उघडे खडक, एका अंगाला दरी, कठडा नाही. ऊरेकडची उतरण सगळ्यांत वाईट. तिथं फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकून गिअरवर उतरायचं, ब्रेक धरून बसलात तर तापतील. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि भाड्याच्या साध्या गाडीच्या करारात बहुतेक वेळा कच्चा रस्ता चालतच नाही. सिल्व्हरटन, ऊरेत जीप भाड्यानं मिळतात.

हे रस्ते मुळात चांदीसाठी निघाले. ओटो मिअर्स नावाच्या गृहस्थानं या डोंगरांत टोलचे रस्ते बांधले. (हो, टोल! तेव्हा तिथं कोल्हापूरकर नव्हते.) अ‍ॅनिमस फोर्क्स ११,२०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. १८८४ ला तिथं सलग २३ दिवस हिमवादळ चाललं, लोक घराघरांतून बर्फात बोगदे खणून ये-जा करत. १८७९ चं पुढं आलेल्या खिडकीचं लाकडी घर अजून उभं आहे. आत जाता येतं. घाई करू नका तिथं.

वहिनींचं डॉक्टरांना विचारा. सिल्व्हरटनच ९,३०० फुटांवर आहे, म्हणून आदली रात्र खाली दुरँगोत काढा.

पन्हाळकर_डेन्व्हर:
ओढ्याचं पाणी पिऊ नका, कितीही नितळ दिसू दे. जुन्या खाणींतनं धातू उतरतात. २०१५ ला गोल्ड किंग खाणीचं पाणी फुटून अ‍ॅनिमस नदी नारिंगी झाली होती. आणि महिन्याअखेर जाणार असाल तर वर बर्फ धरू शकतं, निघायच्या दिवशी खिंड उघडी आहे का ते विचारा.

रंकाळावाला:
बरं, जीप. पण स्टेअरिंग माझ्याकडं. पुतण्या मागं बसंल.

डोंगरगाडी:
स्टेअरिंग डावीकडं असतंय काका, आधी डेन्व्हरात दोन दिवस हात बसवा.