वॅगनआर इलेक्ट्रिक केली, आता मागे बसवत नाही

चोपडारोड: राम राम मंडळी. आमची जुनी पेट्रोल वॅगनआर दोन महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक करून घेतली. 15 किलोवॉट-अवरची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, सगळी डिक्कीत. पिकअप झकास, पण मागे तिघं बसले की जळगाव-चोपडा रोडला प्रत्येक ब्रेकरवर खालून धाडकन लागतं, आईची कंबर धरलीय. गाडीचं तोंड वर गेलंय, रात्री समोरचे ट्रकवाले डिपर मारतात. इलेक्ट्रिक किट बसवणारा किटवाला म्हणतो हळू चालवा. कडक स्प्रिंग टाकू का?

भुसावळी: स्प्रिंगमध्ये रबर बफर टाक भो, स्वस्तात काम.

आप्पा_सावदा: रबराने गाडी उचलेल, आदळणं तसंच राहील. आधी वजन कर. केळीच्या ट्रकचा काटा असतो ना, तिथे आधी नुसती पुढची चाकं चढव, मग नुसती मागची. आणि मागच्या स्प्रिंगजवळचा बम्प स्टॉप बघ (स्प्रिंग पूर्ण दाबली की ज्यावर गाडी टेकते तो रबरी ठोकळा), चेपून चकाकला असेल तर स्प्रिंग रिकाम्या गाडीतच अर्धी बसलीय.

चोपडारोड: केलं आप्पा. पुढे 450 किलो, मागे 480. बम्प स्टॉप पार गुळगुळीत.

आप्पा_सावदा: मग झालंच की! पेट्रोल गाडीत पुढे जास्त वजन असतं, तुझं उलटं झालं. दोन धडधाकट माणसं कायम डिक्कीत बसवलीत असं समज, त्यावर तुझे तिघं. आणि पुढे वजन घटलं, स्प्रिंग जुनीच, म्हणून तोंड वर. स्प्रिंग बदल, पण नुसती कडक घेऊ नको, मागच्या नव्या वजनाला धरून घे, आणि शॉकअप सोबतच बदल, नाहीतर कडक स्प्रिंगला जुना शॉकअप आवरत नाही, गाडी ब्रेकरनंतर तीनदा उड्या मारते. खरा उपाय म्हणजे थोडी बॅटरी पुढे बॉनेटमध्ये नेणं, पण ते स्वतः उघडू नको, हाय व्होल्टेज आहे आणि किटची मंजुरी एआयएस-123 (गाडी इलेक्ट्रिक करायच्या किटचं भारतीय मानक) प्रमाणे असते, जागा बदलली तर किटवाल्याला विचारावंच लागेल. हेडलाइट मात्र आजच खाली कर.

धुळेकर_ईव्ही: आणि रिजेन (मोटरनेच ब्रेक लागून बॅटरी थोडी चार्ज होते ते) कमी करून बघा, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी झटक्याने थांबते, मागच्यांना मळमळतं. माझ्याकडे तर इंजिन गेल्यावर डॅशबोर्डची खडखडच ऐकू यायला लागली, दहा वर्षं ती होतीच म्हणे!

चोपडारोड: सोमवारी किटवाल्याला गाठतो, काट्याची पावती घेऊनच. आई तोवर पुढे बसतेय.