घाटावर तार आहेच, बॅटरी कशाला?

कसब्यातला_कावळा: रेल्वेचं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचं जाळं, जवळपास सगळं विजेच्या तारेखाली आलं. तरी बॅटरीच्या गाडीचा विषय निघाला की लोक जपान दाखवतात. तिथल्या कारासुयामा मार्गावर 2014 पासून अशी गाडी धावते, कबूल. पण तो मार्ग जेमतेम 20 किलोमीटरचा, वर तारही नाही. आपल्या लोणावळा लोकलच्या डोक्यावर 25,000 व्होल्ट असताना पोटात बॅटरी का वाहायची? बॅटरी हवी ती फक्त शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे हलवायला-जोडायला.

आकडेमोड: उगाच घाबरवू नका हो. कर्जत-लोणावळा चढ 550 मीटर धरा. हजार टनांची गाडी वर न्यायला गुरुत्वाकर्षणापोटी 1,500 युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी किलोला 0.12 युनिट धरली, तर साडेबारा टन. 123 टनांच्या इंजिनाला एवढं जड नाही. शिवाय उतरताना वीज परत मिळते.

कसब्यातला_कावळा: हा झाला कागदावरचा घाट. मोटरमध्ये वाया जाणारी वीज धरा, बॅटरी तळापर्यंत रिकामी करत नाहीत तेही धरा. वीस टनांच्या पुढे जाल. आणि उतरतानाची वीज आजही तारेत परत जाते, समोरून चढणारी गाडी ती वापरते. बॅटरीने नवीन काय दिलं?

यार्डातला: मेन लाइन सोडा. जिथे क्रेनने वरून माल चढवतात तिथे तार लावताच येत नाही. तिथे डिझेल शंटर, आणि तो अर्धी पाळी नुसता धडधडत उभा. शंटिंगला वजन उलट लागतं, नाहीतर चाक घसरतं. म्हणून तिथे लिथियम टायटनेटची बॅटरीही चालेल: जड, महाग, पण झटपट चार्ज होणारी आणि हजारो वेळा चार्ज केली तरी टिकणारी. रेल्वेच्या जबलपूर विभागाने 2020 मध्ये तार आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं ‘नवदूत’ शंटर करून दाखवलंय.

घोरपडीकर: दाखवणं वेगळं, परवडणं वेगळं. विद्युतीकरणामुळे डिझेल इंजिनं मोकळी झालीत. भांडवल वसूल झालेलं इंजिन बाजूला सारून नवी बॅटरी घ्यायची, वर काही वर्षांनी ती बदलायची. हिशेब तपासणारे विचारणारच.

यार्डातला: इंजिन फुकट असेल साहेब, डिझेल नाही. उभ्या इंजिनाचं डिझेल कोणत्या खात्यात टाकता, तेवढं सांगा.

घोरपडीकर: उभ्या इंजिनाला छोटं सहायक डिझेल इंजिन बसवलं की मोठं बंद ठेवता येतं. त्याला अख्खी बॅटरी लागत नाही.