मदत हवी आहे: लिंक्ड डेटात (वेबवर एकमेकांना जोडलेल्या माहितीत) कालपरवापर्यंत काय होतं ते कसं शोधायचं?

वाडेशोधक
पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांची माहिती आरडीएफमध्ये, म्हणजे ‘वस्तू–गुण–मूल्य’ अशा छोट्या विधानांत ठेवली आहे. दर रविवारी स्क्रिप्ट ताजी माहिती ओढते. या रविवारनंतर काही वाड्यांची पेठच बदलली! मेलमध्ये जुनी फाइल सापडली, पण डिफ (दोन फाइलींतला ओळवार फरक) काढला तर जवळपास प्रत्येक ओळ बदललेली दाखवतोय. शुक्रवारी अहवाल द्यायचाय. कृपया लवकर सांगा.

सुशांत_कोथरूड
ताजी माहिती ओढते म्हणजे कुठून? आरडीएफ लिहायची पद्धत कुठली, आटोपशीर टर्टल की एका ओळीत एक विधान असं एन-ट्रिपल्स? जुनी फाइल स्क्रिप्ट ठेवते की तिच्यावरच नवी लिहिते?

वाडेशोधक
विकिडेटावरून (विकिपीडियावाल्यांचा खुला माहितीसाठा), अजून कुठून. टर्टल. जुनीवरच लिहिते. पत्ते आमचे आम्ही जोडतो.

मीरा_डेटा
विकिडेटा असेल तर जुनं गेलेलं नाही, काळजी करू नका. प्रत्येक नोंदीला इतिहास असतो. पुणे शहराची नोंद क्यू1538, तिचा इतिहास उघडून बघा, तारीखवार संपादनं दिसतील. मशीनला हवं असेल तर स्पेशल:एंटिटीडेटाच्या (नोंद मशीनला वाचता येईल अशी देणारं पान) पत्त्याला रिव्हिजन, म्हणजे त्या आवृत्तीचा, क्रमांक जोडा. फक्त क्वेरी सर्व्हिसमध्ये (विकिडेटाला प्रश्न विचारायची सोय) जुनं शोधू नका, ती चालू स्थितीच दाखवते.

आळंदीकर
यासाठी मेमेंटो आहे, वेबपत्त्याची जुनी प्रत मागायची पद्धत! आरएफसी 7089 हा तिचा इंटरनेट दस्तऐवज, 2013 सालचा. विनंतीसोबतच्या अ‍ॅक्सेप्ट-डेटटाइम हेडरमध्ये तारीख पाठवायची, टाइमगेट (प्रत शोधून देणारा सर्व्हर) त्या तारखेच्या जवळची प्रत देतो. पत्ता तोच राहतो. मी सगळीकडे हेच सुचवतो.

मीरा_डेटा
पण प्रत कुणीतरी ठेवलेली हवी ना? मेमेंटो प्रतीपर्यंत नेतो, प्रत तयार करत नाही. मेलमधली एक सोडली तर यांच्या फाइलची प्रतच नाही.

आळंदीकर
म्हणून तर आतापासून ठेवा म्हणतोय. पुढच्या वर्षी हाच प्रश्न घेऊन येतील.

बाबा_सहकारनगर
दर रविवारी पेन ड्राइव्हवर कॉपी करा, फाइलच्या नावात तारीख घाला. आमच्या सोसायटीचे हिशेब बारा वर्षं असेच ठेवलेत.

सुशांत_कोथरूड
बाबा, प्रत राहील, पण नेमकं काय बदललं ते कसं कळणार? @वाडेशोधक, वाड्यांच्या पत्त्यांसाठी ब्लँक नोड (कायमचं नाव नसलेली वस्तू) वापरता का?

वाडेशोधक
हो, प्रत्येक वाड्याला एक. त्याचा काय संबंध?

सुशांत_कोथरूड
सगळा संबंध तिथेच आहे. ब्लँक नोडची नावं दर वेळी नव्याने पडू शकतात, टर्टलमध्ये ओळींचा क्रमही हलतो. माहिती तीच, डिफला मात्र सगळं नवं. दोन्ही फाइली एन-ट्रिपल्समध्ये आणा, आरडीएफ कॅनॉनिकलायझेशन करा, म्हणजे ब्लँक नोडना ठरलेल्या नियमाने नावं द्या (मे 2024 पासून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस आहे), सॉर्ट करा, मग डिफ. पुढे गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवा. सगळ्यात बरं म्हणजे वाड्यांच्या पत्त्यांना कायमचे यूआरआय (वेबवरची एकमेव ओळख) द्या.

जुनं_पुणं
पण पेठ बदलली म्हणजे नेमकं काय? गुरुवार पेठ पूर्वी वेताळ पेठ होती, गंज पेठेची महात्मा फुले पेठ झाली. वाडा जागचा हललेला नाही, नाव हललंय. आमच्या आजी शेवटपर्यंत वेताळ पेठच म्हणायच्या.

मीरा_डेटा
हे फार महत्त्वाचं बोललात. जगातला बदल वेगळा, नोंदीतली दुरुस्ती वेगळी. नाव खरंच बदललं असेल तर जुनं नाव पुसायचं नाही, त्याला शेवटची तारीख लावायची, विकिडेटातला गुणधर्म पी582. नव्याला सुरुवातीची, पी580. चूक होती म्हणून बदललं असेल तर ते इतिहासातच बघावं लागतं.

जुनं_पुणं
पेठांच्या हद्दींवर वेगळा धागा काढू का? माझ्याकडे बरंच आहे.

वाडेशोधक
काढा ना, उपयोग होईल. @सुशांत_कोथरूड, मनापासून आभार. कॅनॉनिकलायझेशननंतर फक्त 41 ओळी उरल्या! त्यातल्या 38 गंज पेठेच्याच, कुणीतरी जुनं नाव काढून नवं घातलंय, तारीख लावलेली नाही. उरलेले तीन वाडे खरंच दुसऱ्या पेठेत गेलेत. ते कागदांवरून तपासावे लागतील. कुणाकडे शुक्रवार पेठेचे जुने सिटी सर्व्हे नकाशे आहेत का?