बुरशीजन्य पेप्टाइडांपैकी प्रकल्पासाठी कोणते निवडावे?

अंकुर : मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात असून, बुरशीपासून मिळणाऱ्या जिवाणुरोधक पेप्टाइडांवर (अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांवर) प्रकल्प करायचा आहे. त्यांपैकी अलामेथिसिन तयार विकत मिळते, म्हणून तेच घ्यावे असा विचार आहे. जाणकारांनी मत द्यावे.

निरीक्षक : केवळ सहज मिळते म्हणून ते घेऊ नये. ट्रायकोडर्मा बुरशीतील या पेप्टाइडाचे रेणू पेशीपटलात एकत्र येऊन छिद्र पाडतात खरे, पण जिवाणूची पेशी कोणती आणि आपली कोणती, हा भेद ते फारसा करीत नाहीत. पटलाच्या अभ्यासासाठी उत्तम. औषध म्हणून मात्र वाट बिकट आहे.

माझी शिफारस प्लेक्टासिनची. स्यूडोप्लेक्टानिया निग्रेला या बुरशीत सापडलेल्या या डिफेन्सिनची (सजीवांच्या बचावाच्या पेप्टाइडाची) माहिती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ४० अमिनो आम्ले असून तीन डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधांनी त्याची घडी घट्ट बसलेली असते. ते मुख्यतः छिद्र पाडून मारत नाही, तर पेशीभित्तिका बांधताना जी वीट लागते त्या लिपिड-२ लाच धरून ठेवते, हे २०१० मध्ये स्पष्ट झाले. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविकही हाच रेणू पकडते, परंतु ते त्याच्या पेप्टाइड-शेपटीला धरते आणि प्लेक्टासिन पायरोफॉस्फेटाकडच्या बाजूला. त्यामुळे शेपटी बदलून व्हँकोमायसिनला चकवणाऱ्या जिवाणूंच्या संदर्भात हा फरक मोलाचा ठरतो. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंवर मात्र फार आशा ठेवू नये, कारण त्यांचे बाह्यपटल आड येते.

अंकुर : आभारी आहे. प्रयोगात कोणती काळजी घ्यावी?

जुना प्रयोगकर्ता : वरील शिफारस मला मान्य आहे, तुलनेसाठी कोप्रिनॉप्सिस सिनेरिया या भूछत्रातील कॉप्सिन हे पेप्टाइडही पाहावे, तेही लिपिड-२ लाच बांधले जाते. धन प्रभार असलेली पेप्टाइडे पॉलिस्टायरिनच्या प्लेटला चिकटतात, तेव्हा पॉलिप्रोपिलिनची प्लेट वापरावी. अन्यथा द्रवात पेप्टाइड कमी उरते, जिवाणू वाढून प्लेटचा खळगा गढूळ दिसतो आणि दोष पेप्टाइडाच्या माथी जातो. माझा एक आठवडा असाच वाया गेला होता. शिवाय नितळ खळगा पाहून हुरळून न जाता पेप्टाइड आपल्या पेशीही फोडते का, हे पाहण्यासाठी त्याच मात्रेत तांबड्या रक्तपेशींची चाचणी घ्यावी : सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा द्रव लालसर दिसला, तर पेशी फुटल्या असे समजावे.