बाल्कनीत ओढली तरी हरकत आहेच

"नवरा सिगारेट बाल्कनीतच ओढतो, मग पोटातल्या बाळाला काय होणार?" असं एका गरोदर ताईंनी विचारलंय. ताई, आपल्या घोडबंदर रोडच्या टॉवरमधली बाल्कनी म्हणजे हॉलचाच उरलेला तुकडा. सरकता दरवाजा लावला तरी फटीतून धूर आत येतो. खालच्या मजल्यावरच्या काकांचा येतो तो वेगळाच!

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, म्हणून बाळाला ऑक्सिजन कमी मिळतो. निकोटिन तर वारेतून (प्लॅसेंटातून) थेट बाळापर्यंत जातं. बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका याने वाढतो. किती धूर चालेल अशी सुरक्षित मर्यादाच नाही. एक्झॉस्ट फॅनने फक्त वास कमी होतो, आणि अगरबत्ती लावणाऱ्यांनी आणखी एक धूर वाढवू नये.

शेअर रिक्षात कोणी पेटवली तर बिनधास्त टोका. 2003 च्या कायद्याने सार्वजनिक वाहनात धूम्रपानाला बंदी आहे, 200 रुपयांपर्यंत दंड होतो. घरात मात्र कायदा येत नाही, तिथे तुम्हालाच बोलावं लागेल. पुढच्या तपासणीला नवऱ्याला सोबत न्या आणि डॉक्टरांसमोरच विषय काढा. बायकोचं न ऐकणारे तिथे ऐकतात. सोडायची तयारी असेल तर 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.